मांजर आणि सोफा, दोन्ही टिकवायचे असतील तर

घरात पहिल्यांदाच मांजर आणलंय आणि महिन्याभरात सोफ्याच्या हाताला धागे लोंबायला लागलेत, ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकलीये की म्हटलं एकदाचं सगळं नीट लिहूनच काढूया. आधीच सांगते, नखं घासायची सवय कशी मोडायची असं विचारत असाल तर ती मोडत नाही, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. जागा मात्र बदलता येते. सोफ्यावर जे चाललंय ते खांबावर, म्हणजे मांजराने नखं घासावीत म्हणून घरात ठेवायच्या दोरी गुंडाळलेल्या खांबावर न्यायचं, एवढंच काम आहे, आणि ते मोठ्या झालेल्या मांजराच्या बाबतीतही जमतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी थोडा दम धरायला हवा.

हे करतं कशासाठी

तुमच्यावर राग काढायला किंवा मुद्दाम खोड काढायला मांजर सोफा ओरबाडत नाही. त्याचं नख कांद्यासारखं पापुद्र्यांचं असतं, वरचा जुना थर सुटायला आला की कुठेतरी अडकवून ओढून तो काढावा लागतो. सोफ्याखाली झाडताना कधीतरी नखाच्याच आकाराचं, आतून पोकळ, टोकदार टरफल सापडेल, बरेच जण ते बघून घाबरतात की नख उपटलं की काय, तसं काही नसतं, आत नवं नख तयार असतं. शिवाय पंजाच्या गाद्यांमधे वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे नखं घासली की तिथे त्याचा वास लागतो, आपल्याला येत नाही पण दुसऱ्या मांजराला बरोबर येतो आणि वर ओरखडेही दिसतात, म्हणजे ही जागा माझी अशी पाटीच लागली.

आणि अंग ताणणं. झोपून उठलेलं मांजर एकदा नीट बघा. आधी पुढचे पाय लांब टाकून पाठीची कमान करेल, मग दोन पावलं टाकून जे काही पहिलं उभं आणि भक्कम सापडेल त्यावर पंजे शक्य तितके वर रोवेल, नखं आत रुतली की सगळं वजन मागे टाकून खाली खेचेल, खांद्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग ताणलं जातं. या सगळ्यात सोफा का आवडतो ते कळतं बघा, जड आहे, हलत नाही, उंची बरोबर आहे, कापडात नख रुततं आणि घराच्या अगदी मधोमध आहे. आता यातली एकेक गोष्ट आपण दुसरीकडे द्यायची.

पहिलं काम : काही विकत घेण्याआधी बघत बसा

लोक इथेच घाई करतात, ऑनलाइन पहिला दिसेल तो खांब मागवतात आणि मांजर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, मग तो बाल्कनीत धूळ खात पडतो. तीन-चार दिवस नुसतं बघा की ते उभं राहून ओरबाडतंय की आडवं. सोफ्याचा हात, दाराची चौकट, पडदा, कपाटाची कड ही उभ्याची लक्षणं. चटई, गालिचा, पायपुसणं, गादीचा कोपरा ही आडव्याची. काही मांजरं दोन्ही करतात. मग कशावर करतंय ते बघा, जाड विणीचं ज्यूटसारखं कापड असेल तर खांबाला दोरी गुंडाळलेली आवडेल, सागवानी दार किंवा खाटेचा पाय असेल तर साल न काढलेला लाकडाचा ओंडका आवडू शकतो, वेताच्या खुर्चीच्या मागे लागलं असेल तर त्याला रुततं आणि करकर वाजतं असं काहीतरी हवंय. आणि वेळ बघा. बहुतेक वेळा झोपून उठल्यावर, तुम्ही ऑफिसातून घरी आल्यावर, किंवा जेवणाच्या आधी. जागा आणि वेळ कळली की निम्मं काम झालं.

दुसरं काम : योग्य खांब

दुकानात मिळणाऱ्या खांबांपैकी बरेचसे दीड-दोन फुटी असतात आणि खाली ताटाएवढा तळ. पिल्लाला चालतात, पण पाच-सहा महिन्यांत ते पिल्लू लांब होतं आणि अंग पूर्ण ताणायला उंचीच पुरत नाही. मोठ्या मांजराला साधारण तीन फूट उंची हवी. दुसरी परीक्षा दुकानातच करा, खांबाचं वरचं टोक हातात धरून स्वतःकडे जोरात ओढा, तळ जमिनीवरून उचलला गेला तर घेऊ नका. चार किलोचं मांजर लोंबकळल्यावर खांब एकदा जरी त्याच्या अंगावर आला ना, परत त्याच्या जवळ जाणार नाही.

घरी करायचा असेल तर खर्च कमी आणि खांब जास्त दणकट. प्लंबिंगच्या दुकानात चार इंची पीव्हीसी पाईप मिळतो, बाहेरून ११० मिलिमीटरचा, त्याचा तीन फुटाचा तुकडा कापून घ्या आणि एक टोपण घ्या. तळासाठी सुताराकडून दीड फूट बाय दीड फूट प्लायचा तुकडा, १८ मिलिमीटर जाडीचा. पाईपच्या आत घट्ट बसेल असा लाकडाचा ठोकळा त्या प्लायवर मधोमध खालून स्क्रूने पक्का करायचा, मग पाईप त्या ठोकळ्यावर उभा बसवून बाजूने तीन-चार स्क्रू मारायचे. आता वरून कोरडी वाळू भरा, पूर्ण भरली तर दहा-अकरा किलो बसते, आणि टोपण लावून टाका. हे झालं की तो खांब हलवायला तुम्हालाच दोन्ही हात लागतील.

दोरी कुठली, यावर वाद आहेत. ऑनलाइन सगळीकडे सिसल लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्याकडच्या घायपाताच्याच जातीचा वाख, तो उत्तम, पण प्रत्येक गावात मिळेल असं नाही. काथ्याची दोरी मात्र कोकणात तर कुठेही आणि इतरत्र हार्डवेअरच्या किंवा दोऱ्यांच्या दुकानात मिळते. काथ्या जरा जास्त खरखरीत असतो आणि त्याचा भुसा पडतो, रोज झाडावं लागतं, पण मला तर वाटतं मांजरांना तो सिसलइतकाच आवडतो आणि निम्म्या किमतीत काम होतं. नायलॉनची निळी-हिरवी दोरी अजिबात नको, गुळगुळीत असते, नख नीट रुतत नाही आणि सुटलेले धागे मांजराने गिळले तर आतड्यात अडकून थेट ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं.

किती दोरी लागेल हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळे कमी आणतात. हिशोब सोपा आहे, पाईपची उंची भागिले दोरीची जाडी म्हणजे वेढे, आणि या पाईपला एक वेढा साधारण ३७ सेंटिमीटरचा. १० मिलिमीटरची दोरी असेल आणि ९० सेंटिमीटर गुंडाळायचं असेल तर ९० वेढे, म्हणजे जवळजवळ ३४ मीटर. ८ मिलिमीटरची घेतली तर ४२ मीटर. वर दोन-तीन मीटर जास्तीचे धरा. खालच्या टोकाला पाईपला भोक पाडून दोरीचं टोक आत घाला आणि आतून गाठ मारा (हे वाळू भरायच्या आधी बरं का), मग थोडा थोडा फेविकॉल लावत एकाला एक चिकटून वेढे घ्यायचे, दर पाच-सहा वेढ्यांनी दोरी खाली दाबून घट्ट करायची. हे काम दोघांचं आहे, एकाने पाईप फिरवायचा आणि दुसऱ्याने दोरी ताणून धरायची. फट राहिली तर नख त्यात अडकतं. खिळे, चुका असलं काहीही बाहेर ठेवू नका. दोन दिवस सुकू द्या, ओल्या गोंदाच्या वासाचा खांब मांजर हुंगेल आणि निघून जाईल.

आडवं ओरबाडणाऱ्यांसाठी इतकं काहीच नको. जाड काथ्याचं पायपुसणं घेऊन एका फळीवर चिकटवा, झालं. किंवा फ्रिज-टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद पट्ट्या कापून, एकाला एक उभ्या चिकटवून त्याची वीट करा, वरच्या बाजूला पुठ्ठ्याची भोकं दिसली पाहिजेत. पट्ट्या चिकटवायला घरची मैद्याची खळ वापरू नका, आठवड्यात झुरळं येतील. पावसाळ्यात पुठ्ठा सादळतो आणि काथ्यालाही बुरशी धरते, तेव्हा ऊन पडलं की दोन्ही बाल्कनीत काढा.

तिसरं काम : ठेवायचं कुठे

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. एवढा छान खांब केला आणि तो ठेवला वॉशिंग मशीनच्या मागे, का तर हॉलमधे वाईट दिसतो. मांजराला आपली खूण चारचौघांत मारायची असते, अडगळीत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे खांब ज्या कोपऱ्यावर ते ओरबाडतं त्या सोफ्याच्या कोपऱ्याला अगदी लागून, जवळजवळ त्याच्यासमोरच ठेवायचा. येता-जाता पाय आपटेल, आपटू दे. दुसरी जागा म्हणजे ते झोपतं तिथून दोन पावलांवर. ते सलग दोन-तीन आठवडे खांबच वापरायला लागलं की मग रोज वीतभर सरकवत तुम्हाला हवा तिथे नेऊ शकता, पण त्याच खोलीत. एकदम उचलून बेडरूममधे नेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर जितकी मांजरं त्याच्यापेक्षा एक खांब जास्त धरा आणि सगळे एका रांगेत ठेवू नका, नाहीतर दादागिरी करणारा बोका सगळ्यांवर हक्क सांगतो आणि बिचारी भाटी परत सोफ्याकडे वळते.

चौथं काम : सोफा बेचव करून टाका

खांब आणि सोफा दोन्ही शेजारी असतील तर जुन्या ओळखीचा सोफाच जिंकतो, म्हणून तेवढे दिवस सोफा बंद ठेवायचा. डायनिंग टेबलवर घालतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं, त्याचा तुकडा सोफ्याच्या हाताला आणि कोपऱ्याला घट्ट गुंडाळा, मागच्या बाजूने चिकटवा. गुळगुळीत, नख रुतत नाही, मजा संपली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही चालते, पंजाला चिकचिक लागलेली मांजरांना आवडत नाही, पण ती थेट पॉलिशवर किंवा रेक्झिनवर लावायच्या आधी आतल्या बाजूला थोडी लावून बघा, काढताना पॉलिश निघतं. चादर नुसती सैल टाकलीत तरी काही मांजरं कंटाळतात, कारण सैल कापडाला ताण मिळत नाही. पडद्यांना लटकत असेल तर काही दिवस पडदे वर बांधून ठेवा.

जुनी जागा साबणाच्या पाण्याने पुसून काढा म्हणजे वास कमी होईल, आणि लोंबणारे धागे कापा, नाहीतर ते धागेच त्याला परत बोलावतात.

नवा सोफा घ्यायचाच असेल तर कापड बघून घ्या. मोकळी विण, लूप असलेलं, ज्यूट, शेनील (फुगीर, लवदार धाग्याचं कापड) यांच्यापासून लांब राहा. मखमलीसारखं किंवा मायक्रोफायबरचं दाट, बारीक कापड नखाला फारसं पकड देत नाही. रेक्झिनबद्दल लोकांचा गैरसमज आहे की ते मांजराला चालतं, ओरबाडतं कमी हे खरं, पण सोफ्यावर उडी मारताना जी भोकं पडतात ती पुढे फाटतच जातात.

पाचवं काम : गोडी लावा

मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका, हे सगळेच करतात आणि मांजराला ते अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी खांबावरून वर वर न्या, ते पकडायला जाईल, नखं दोरीत रुततील आणि मग त्याला आपोआप कळेल की अरेच्चा, हे तर मस्त आहे. त्याच क्षणी खाऊ द्या, दोन मिनिटांनी दिलेला खाऊ कशासाठी होता हे त्याला कळत नाही. उठल्यावरची वेळ यासाठी सगळ्यात चांगली. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लापासूनच सुरू केलंत तर पुढचे कष्टच वाचतात.

कॅटनिप म्हणजे जिच्या वासाने मांजरं खुळावतात अशी एक वनस्पती, तिची वाळलेली पूड मिळते, दोरीवर चिमूटभर चोळायची. पण सगळ्या मांजरांवर तिचा परिणाम होत नाही, साधारण तीनातल्या दोघांवर होतो, ते आईबापांकडून आलेलं असतं, आणि लहान पिल्लांना तर काहीच वाटत नाही, तेव्हा डुप्लिकेट माल दिला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात कुंड्यांमधे, कुंपणाच्या कडेला आपोआप उगवणारी खोकली नावाची वनस्पती असते, काही ठिकाणी कुपी म्हणतात, तिच्या ताज्या मुळांवर मांजरं अक्षरशः लोळतात. ओळख पक्की असेल तरच उपटा, मूळ धुऊन दोरीवर घासा आणि फेकून द्या, चघळायला ठेवू नका.

सहावं काम : नखं कापणं

खांब वापरत असलं तरी दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या पायांची नखं कापली की नुकसान खूपच कमी होतं. पुढच्या प्रत्येक पायाला पाच नखं, पाचवं आतल्या बाजूला जरा वर असतं आणि तेच विसरलं जातं, मग ते वळून पंजाच्या गादीत रुतायला लागतं, म्हाताऱ्या मांजरांत तर हमखास. मांजर पेंगत असताना मांडीवर घ्या, एक बोट हलकेच वरून आणि खालून दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात बघा, आत गुलाबी भाग दिसेल, ती रक्तवाहिनी आणि तिथेच संवेदना. तिच्या बऱ्याच पुढे, फक्त वळलेलं टोक कापायचं. काळं नख असेल तर अगदीच टोक. मांजरांसाठीचा छोटा कटर घ्या, बोथट नेलकटरने नख चिरतं. चुकून रक्त आलंच तर मांजराचं ते बोट कॉर्नफ्लोअरमधे दाबून धरा, थांबतं, आणि त्या दिवशी बाकीची नखं सोडून द्या. एका बैठकीत दहाही नखं झालीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय, आज दोन, उद्या तीन. अजिबात जमत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे थोडक्या पैशात कापून देतात, एकदा त्यांच्याकडूनच हात कसा धरायचा ते बघून घ्या.

नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात, चार ते सहा आठवडे टिकतात, पण बाहेर हिंडणाऱ्या मांजराला लावू नका, कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायचं कसं त्याने.

हे मात्र करू नका

मारणं, ओरडणं, तोंडावर पाण्याचा फवारा. यातून मांजर इतकंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, रात्री तुम्ही झोपलात की सोफा त्याचाच.

सोफ्यावर निलगिरी, टी ट्री, लिंबाचं अर्क असली सुगंधी तेलं शिंपडायचा सल्ला सर्रास मिळतो. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत, पंजे चाटताना ती पोटात जातात आणि विषबाधा होते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, आणि फिनेल, डेटॉलसारखी फिनॉल असलेली जंतुनाशकंही ते जिथे बसतं-चाटतं तिथे नकोत. तिखट पूड टाकणाऱ्यांना काय म्हणावं, तोच पंजा डोळ्याला लागतो.

आणि कधीतरी कुणीतरी विचारतंच, नखं कायमची काढून टाकता येतात ना? त्यात नख नाही, बोटाचं शेवटचं हाडच कापतात. पुढे चालताना दुखतं, मातीच्या डब्यात खरवडायला नको वाटून काही मांजरं घरभर शी-शू करतात, चावायला लागतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मधे यावर बंदी घातली, आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. विषय संपला.

एकदम वाढलं तर

नीट खांब वापरणारं मांजर अचानक दारं-सोफे ओरबाडायला लागलं तर घरात काय बदललंय ते बघा. गणपतीत पाहुण्यांनी भरलेलं घर, दिवाळीचे फटाके, नवं पिल्लू, नवं फर्निचर, किंवा खिडकीबाहेर रोज येऊन बसणारा गल्लीतला बोका. त्या शेवटच्या प्रकारात खिडकी आणि दाराजवळच ओरखडे दिसतात, मग एक खांब तिथेच ठेवायचा आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकायचा. पाहुण्यांच्या दिवसांत त्याला एक शांत खोली द्या, खांब आणि मातीचा डबा तिथेच.

साधारण महिन्याभरात फरक पडतो, हट्टी बोक्यांना दोन महिने लागतात. सोफ्यावरचं प्लास्टिक घाईने काढू नका, आधी एक बाजू काढा, आठवडाभर बघा, मग दुसरी.

खांबाची दोरी एका बाजूने पार फुलून, तुटून यायला लागली की घर आवरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती खुपायला लागते आणि खांब भंगारात जातो. तसं करू नका, तीच बाजू मांजराला सगळ्यात प्रिय असते, तिलाच त्याचा वास आहे. लांब सुटलेले धागे तेवढे कापा, खांब अर्धा वळवा म्हणजे दुसरी बाजू समोर येईल, आणि अगदीच नागडा पाईप दिसायला लागला की वरच्या अर्ध्या भागाला नवी दोरी गुंडाळा, खालचा अर्धा पुढच्या वेळेला.